रविवारची परेड

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयाच्या पश्चिमेकडच्या दालनात एक हत्ती उभा आहे. सर रॉजर त्याचं नाव. ग्लासगोच्या एका प्राणिसंग्रहालयात होता, माजावर आला आणि १९०० साली त्याला गोळी घातली. तेव्हापासून पेंढा भरून तो इथे उभा. त्याच्या बरोब्बर डोक्यावर, छताला टांगलेलं एक स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान आहे. ग्लासगोची शाळकरी पोरं हत्तीपाशी गर्दी करतात आणि मोठी माणसं विमानाखाली.

अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना इथे घेऊन गेले. कराडला चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेला माणूस. हत्तीकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही. मान वर करून, हात पाठीमागे बांधून विमानाखाली उभे राहिले. बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, "पाती पाच हायत." मी मोजली. खरंच पाच. एवढ्या वेळा त्या दालनात येऊन मी ती कधी मोजली नव्हती. आणि लगेच दुसरा प्रश्न, "याचं तेलपाणी कोण बघायचं गं?"

त्याचं उत्तर द्यायला म्हणून मी फलक वाचायला लागले. स्पिटफायर मार्क २१, क्रमांक एलए १९८. युद्धानंतर १९४७ ते १९४९ या काळात हे विमान ६०२ स्क्वॉड्रनकडे, म्हणजे हवाई दलाच्या त्या क्रमांकाच्या तुकडीकडे होतं. ६०२, 'सिटी ऑफ ग्लासगो' स्क्वॉड्रन, सहायक हवाई दल. सहायक म्हणजे काय, तर आठवडाभर आपापला कामधंदा करायचा आणि शनिवार-रविवारी विमानं उडवायची, दुरुस्त करायची. मी हे मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजे होमगार्ड."

मी "नाही हो, तसं नाही" म्हणाले. म्हणाले खरी, पण नंतर घरी येऊन वाचत गेले आणि पुढचे कित्येक महिने वाचतच राहिले. अण्णांचा तो एक शब्द मला आता बाजूला सारता येत नाही.

अण्णा स्वतः होमगार्डमध्ये होते. आमच्या घरात दाराच्या मागच्या खुंटीला शिट्टीची दोरी असायची. आठवड्याचे सहा दिवस पंक्चर, पाना, रबर सोल्यूशन आणि सातव्या दिवशी सकाळी खाकी कपडे करून परेड. गणपती विसर्जनाला, यात्रेला, निवडणुकीला बंदोबस्त. ड्यूटी लागली तर थोडाफार भत्ता, बाकी पगार नाही. आपल्याकडे होमगार्ड सुरू झालं ते ६ डिसेंबर १९४६ला, मुंबईत, दंगलींच्या दिवसांत, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना. हे मला अण्णांमुळेच पाठ आहे. दर ६ डिसेंबरला ते बुटांना पॉलिश करायचे आणि आम्हाला तारीख विचारायचे.

ग्लासगोतल्या गोष्टीची सुरुवात होते १९२४मध्ये. ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांच्या डोक्यात होतं, की भूदलाला जशी गावागावांची प्रादेशिक सेना असते तशी हवाई दलालाही असावी. एकेका शहराचं स्वतःचं स्क्वॉड्रन, शहराचं नाव लावलेलं, शहरातल्याच माणसांचं. विमान चालवणं हे काही रविवारच्या दोन तासांचं काम नव्हे, असं म्हणणारे पुष्कळ होते. तरी त्या वर्षी कायदा झाला. १२ सप्टेंबर १९२५ला ग्लासगोजवळ रेनफ्रू इथे ६०२ उभं राहिलं. सहायक दलातलं हे सगळ्यांत पहिलं. महिन्याभरात एडिंबराचं ६०३ आणि लंडनची ६००, ६०१ ही स्क्वॉड्रनं आली. यातल्या ६०१ला लोक 'लक्षाधीशांचं स्क्वॉड्रन' म्हणत. त्यात बडे बडे उमराव होते आणि त्यांच्या गाड्यांच्या, मेजवान्यांच्या कथा जिथे तिथे वाचायला मिळतात. मला त्यांत फार रस वाटला नाही. माझा जीव अडकला तो ग्लासगोत.

कारण तिथे अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. तेलपाणी बघायचे ते ग्लासगोचेच कामगार, कारकून, दुकानातली पोरं. कॉपलॉ स्ट्रीटवर स्क्वॉड्रनचं शहरातलं कार्यालय होतं. संध्याकाळी कामावरून सुटून तिथे जायचं, इंजिन शिकायचं. शनिवार-रविवार विमानतळावर. उन्हाळ्यात पंधरा दिवसांचा कॅम्प, तोही वर्षाची सुट्टी खर्ची घालून. विमानं सुरुवातीला पहिल्या महायुद्धातली जुनी डीएच-नाइन-ए, नंतर फॉन, मग वापिटी, हार्ट. सगळी दोन मजली पंखांची. प्रत्येक विमानामागे दोन प्रकारची माणसं लागत. इंजिन बघणारा फिटर आणि सांगाडा, कापड, पंखांमधल्या तारा बघणारा रिगर.

या तारांबद्दल मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. वरच्या आणि खालच्या पंखामध्ये तिरप्या तारा ताणलेल्या असतात. एक ढिली पडली की दुसरीवर भार जातो आणि पंखाचा कोन चुकतो. म्हणजे रिगरचं काम काय, तर सगळ्या तारांचा ताण सारखा ठेवायचा. अण्णांनी आयुष्यभर दुसरं काय केलं? चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ते रिम स्टँडला लावून हळूहळू फिरवायचे, दर स्पोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून छेडायचे. टण, टण, टण, ठप्प. जिथे ठप्प वाजलं तिथे निपलची चावी अर्धा आटा फिरवायची. आम्ही पोरं डोळे मिटून कुठला स्पोक ढिला ते ओळखायचा खेळ खेळायचो. "मंग त्यांचं विमान म्हंजे मोठं चाकच की," अण्णा म्हणाले. मला वाटतं, त्या रिगरांपैकी एखादा आमच्या दुकानात येऊन बसला असता तर त्या दोघांना भाषेची गरज पडली नसती.

६०२ची आपल्या देशाशी गाठ पडली ती १९३३मध्ये, आणि ती गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

३ एप्रिल १९३३ला माणूस पहिल्यांदा एव्हरेस्टवरून उडाला. बिहारमधल्या पूर्णियाजवळ लालबालूच्या मैदानातून दोन विमानं निघाली. एक चालवत होता मार्क्विस ऑफ क्लाइड्सडेल, म्हणजे ६०२चा प्रमुख. खासदारही होता आणि स्कॉटलंडचा हौशी मुष्टियुद्धातला विजेताही. दुसरं चालवत होता त्याच्याच स्क्वॉड्रनमधला डेव्हिड मॅकिन्टायर. जगातल्या सर्वांत उंच शिखरावर पहिल्यांदा गेलेले दोन्ही वैमानिक शनिवार-रविवारवाले होते! पहिल्याच्या मागे कॅमेरे सांभाळत कर्नल ब्लॅकर, दुसऱ्याच्या मागे चलच्चित्रण करणारा बॉनेट. पूर्णियापासून शिखर अडीचशे किलोमीटरच्या वर. मैदानावरची धूळ इतकी उंच चढलेली, की बराच वेळ खालचं काही दिसेना. शिखराजवळ खाली ओढणाऱ्या वाऱ्यानं विमानं एकदम घसरली आणि शेवटी शंभरेक फुटांच्या अंतरानं माथ्यावरून गेली. बॉनेटच्या ऑक्सिजनच्या नळीला चीर पडली. त्यानं तिला रुमाल गुंडाळला आणि तो बेशुद्ध झाला. मॅकिन्टायरला वाटलं तो गेलाच. खाली उतरता उतरता बॉनेट शुद्धीवर आला. पहिल्या खेपेला धुळीमुळे नकाशासाठीची छायाचित्रं नीट आली नाहीत, म्हणून १९ एप्रिलला पुन्हा गेले.

हे वाचताना ऊर भरून येतो. पण याचा खर्च उचलला होता लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी, आणि त्या साम्राज्याच्या कट्टर अभिमानी होत्या. हिंदुस्थानाच्या आकाशात इंग्रजांचं बळ दिसावं ही त्यामागची एक इच्छा होती. त्याच एप्रिलमध्ये गांधीजी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते. पुढच्याच महिन्यात, ८ मेला त्यांनी एकवीस दिवसांचा उपास सुरू केला. क्लाइड्सडेल धुळीच्या थरातून वर निघून निळ्या उजेडात आला तेव्हा खाली जो देश होता तो कुणाचा, हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही. त्याचं धाडस खरं होतं आणि ते साम्राज्याच्या खिशातून आलेलं होतं. दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

आणि याच आठवड्यातली आणखी एक तारीख. एव्हरेस्टला जाणारी विमानं खोक्यांतून बोटीनं कराचीला आली होती आणि तिथेच जोडली गेली. मार्चमध्ये ती पूर्णियाकडे गेली. १ एप्रिल १९३३ला, म्हणजे एव्हरेस्टच्या उड्डाणाच्या दोनच दिवस आधी, त्याच कराचीत द्रिघ रोडला भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वॉड्रन उभं राहिलं. चार वापिटी विमानं, मूठभर भारतीय अधिकारी आणि ज्यांना 'हवाई सिपाही' म्हणत ते आपले जवान. वापिटी म्हणजे ग्लासगोचे कामगार रविवारी ज्याच्या तारा ताणत होते तेच विमान. एव्हरेस्टला गेलेली विमानंही त्याच घराण्यातली. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून कराडला फोन लावला. तिकडे पहाट झालेली. अण्णा चहा घेत होते. म्हणाले, "तरीच."

युद्ध आलं तेव्हा ६०२कडे स्पिटफायर होती. मे १९३९मध्ये मिळालेली, सहायक दलातल्या कुणालाही मिळण्याआधी. १६ ऑक्टोबर १९३९ला, सोमवारी दुपारी, जर्मनीची जंकर्स विमानं एडिंबराजवळच्या फोर्थच्या खाडीत युद्धनौकांवर आली. भोंगे वाजलेच नाहीत. लोक पुलावर, किनाऱ्यावर उभे राहून सराव समजून बघत होते. ६०२ आणि ६०३ची विमानं वर गेली आणि त्या दिवशी ब्रिटनच्या आकाशात शत्रूची पहिली दोन विमानं पडली. एक पाडलं ६०३च्या पॅट गिफर्डनं. तो कॅसल डग्लस गावातला वकील. दुसरं ६०२च्या जॉर्ज पिंकर्टननं. तो रेनफ्रूशायरमधला शेतकरी. पहिलं कुणाचं यावरून दोन्ही शहरांत वाद होत राहिला. साधारणपणे मान गिफर्डला देतात. मला त्या वादापेक्षा जास्त आठवतं ते चार दिवसांनंतरचं. समुद्रातून काढलेल्या दोन जर्मन हवाई सैनिकांना पोर्टोबेलोच्या दफनभूमीत बॅगपाइपच्या सुरांत, लष्करी इतमामानं पुरलं. शवपेट्या जात असताना रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. ज्यांच्या डोक्यावर ते बॉम्ब घेऊन आले होते तेच लोक. पुढची पाच-सहा वर्षं जे काही घडलं, त्यानंतर असं दृश्य पुन्हा शक्य नव्हतं.

गिफर्ड सात महिन्यांनी, मे १९४०मध्ये गेला.

ज्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त लोभ जडला तो आर्ची मॅकेलर. पेस्लीत जन्मलेला, उंची पाच फूट तीन इंच. घरचा बांधकामाचा धंदा आणि हा प्लास्टरचं काम शिकलेला कारागीर. भिंतीवर थापी फिरवणारा माणूस! रविवारी ६०२मध्ये उडायला शिकला. पिंकर्टनबरोबर १६ ऑक्टोबरला तोही होता. २८ ऑक्टोबरला हंबी गावाजवळच्या माळावर जे हाइंकेल उतरलं, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या भूमीवर पडलेलं शत्रूचं पहिलं विमान, त्यातही त्याचा वाटा होता. पुढे तो बर्मिंगहॅमकडच्या ६०५ या सहायक स्क्वॉड्रनचा प्रमुख झाला. ७ ऑक्टोबर १९४०ला त्यानं एका दिवसात शत्रूची पाच विमानं पाडली. आणि १ नोव्हेंबरला सकाळी तो पडला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

ब्रिटनची हवाई लढाई, जिला तिथे 'बॅटल ऑफ ब्रिटन' म्हणतात, तिची सरकारी मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. मॅकेलर दुसऱ्या दिवशी गेला. म्हणून त्या लढाईत कामी आलेल्यांची जी यादी वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली आहे तिच्यात त्याचं नाव नाही. एका दिवसानं! यादीला कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मला कळतं. तरी मला त्याचा राग येतो. तो प्लास्टरचा माणूस त्या लढाईत लढला होता.

त्या लढाईत चौदा स्क्वॉड्रनं सहायक दलाची होती. शनिवार-रविवारच्या माणसांनी एवढं केलं. पण १९४२पासून ६०२ हे फक्त नावाला ग्लासगोचं उरलं. आयर्लंडचा पॅडी फिनुकेन त्याचा प्रमुख झाला, फ्रान्सचा पिएर क्लोस्टरमान त्यात उडाला. मूळची माणसं बदल्या होऊन पांगली किंवा मेली. युद्ध संपल्यावर स्क्वॉड्रन बरखास्त झालं, १९४६मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि शहरातली पोरं पुन्हा रविवारी यायला लागली. केल्विनग्रोव्हमधलं विमान त्या काळातलं. म्हणजे ६०२मध्ये त्यानं युद्ध पाहिलेलंच नाही. शांततेतल्या रविवारांचंच ते विमान. अण्णांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हिरमुसतील. ते म्हणाले, "मंग चांगलंच हाय की." मग जेट आली, व्हॅम्पायर. इंजिनं अवघड झाली, सराव महाग झाला. १० मार्च १९५७ला सहायक दलाची उडणारी सगळी स्क्वॉड्रनं एकाच दिवशी बंद केली. पुढे ६०२ आणि ६०३ ही नावं राखीव दलात परत आली, पण विमानांशिवाय.

असंच काहीसं आपल्याकडेही झालं होतं, आणि मुंबईतच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला फ्लाइंग क्लबांत विमान चालवायला शिकलेल्या माणसांना घेऊन भारतीय हवाई दलाचं स्वयंसेवक राखीव दल झालं. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन अशा बंदरांजवळ त्याच्या किनारा-रक्षक तुकड्या ठेवल्या. मुंबईची तुकडी जुहूच्या धावपट्टीवर. तीच जुहूची धावपट्टी, जिच्याशी जेआरडी टाटांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. विमानं मात्र वापिटीसारखी जुनी, इंग्लंडला नको झालेली. किनाऱ्यालगत उडत राहायचं, बोटींवर नजर ठेवायची. कराचीची तुकडी हीच जुनी विमानं घेऊन ब्रह्मदेशात मोलमेनपर्यंत गेली, समोर जपानी असताना. १९४२मध्ये या तुकड्या मोडल्या आणि माणसं नियमित स्क्वॉड्रनांत गेली. स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये राखीव आणि सहायक हवाई दलांचा कायदाही झाला. जुहूला आता हेलिकॉप्टरं उतरतात. तिथून रिक्षानं जाताना कुंपणाकडे मी आता बघते. पूर्वी बघत नव्हते.

अण्णांनी स्वतःबद्दल फार कधी सांगितलं नाही. एकदाच, केल्विनग्रोव्हहून परतताना बसमध्ये, कोयनेच्या भूकंपाचं बोलले. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. ते तेवीस वर्षांचे होते. कराड हललं तसे शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर पडले. उजाडल्यावर ट्रकमधून कोयनानगरकडे गेले. तीन दिवस दगड उचलले. "आमच्यात एक गवंडी होता," अण्णा म्हणाले. "त्यालाच कळायचं, कुठला दगड काढला तर वरचं खाली येईल. आम्हाला कवायत येत होती, पर भिंत त्यालाच कळत होती." एवढंच. मग खिडकीतून बाहेर बघत राहिले.

परत जाताना मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. ग्लासगोचा विमानतळ ज्या जागेवर आहे तिचं जुनं नाव ॲबट्सिंच. १९३३पासून ६०२ इथेच उडत होतं. मी सांगितलं तेव्हा अण्णा आत जायच्या रांगेतून बाहेर आले, काचेपाशी गेले आणि धावपट्टीकडे थोडा वेळ बघून पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले.

मॅकेलरला इथे ग्लासगोतच, न्यू ईस्टवूड दफनभूमीत पुरलं आहे. एका रविवारी मी तिथे जाऊन आले आणि संध्याकाळी फोनवर अण्णांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "त्यानं प्लास्टर केलेली एखादी भिंत शिल्लक असंल का गं तिथं?"

मी राहते ती इमारत जुनी, लाल दगडाची, मॅकेलरच्या जन्माच्याही आधीची. पण जिन्यातलं एका बाजूचं प्लास्टर मागाहून केलेलं आहे, ते हाताला वेगळं लागतं. अण्णांना व्हिडिओवर ते दाखवलं. "जवळ धर," म्हणाले. मी फोन भिंतीपाशी नेला. "उजेड कर." मी जिन्यातला दिवा लावला. ते डोळे बारीक करून बघत राहिले आणि म्हणाले, "हात चांगला हाय. कुणाचा का असंना."

आता मी कुणाच्याही घरी गेले की त्यांचा तोच प्रश्न असतो. छत दाखव. भिंत दाखव.